चव गेली, म्हणजे नेमके काय गेले?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याचे माझे काम. रुग्ण आमच्या विभागाकडे सहसा येत नाहीत. एके दिवशी कान-नाक-घसा विभागातल्या माझ्या मित्राने एका गृहस्थांना हाताला धरून आणले. म्हणाला, "हे आचारी आहेत. यांची चव गेली आहे. पण गेली आहे हे कुणाला पटत नाही. तू बघ."

आचारी साठीच्या आसपासचे, सातारा जिल्ह्यातले. चाळीस वर्षे लग्नाकार्यांचा स्वयंपाक केलेला माणूस. वर्षभरापूर्वी स्कूटरला मागून धडक बसली, ते उताणे पडले आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. दोन दिवस दवाखान्यात काढून घरी आले. हाड मोडले नव्हते, डोक्यात रक्तस्राव नव्हता. पण पहिला घास तोंडात घातला आणि त्यांच्या लक्षात आले, की काहीतरी हरवले आहे. पुढच्या कार्यात मसालेभाताच्या फोडणीतला हिंग करपला, तो त्यांना कळला नाही. त्याच्या पुढच्या कार्यात दूध लागले. तिसरे काम आलेच नाही.

नुकसानभरपाईचा दावा चालू होता. विमा कंपनीने त्यांना तपासायला पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी जिभेवर मिठाचे पाणी टाकले, साखरेचे टाकले. आचाऱ्यांनी दोन्ही बरोबर ओळखले. अहवालात एक ओळ आली, 'चवीची संवेदना शाबूत.' त्या ओळीचा साध्या भाषेत अर्थ होता : हा माणूस खोटे बोलतो.

मीही आधी तेच केले. चार बाटल्या, चार ड्रॉपर. पहिला थेंब. "मीठ." दुसरा. "साखर." तिसरा सायट्रिक ॲसिडचा. "आंबट. पण लिंबू की लिंबूफूल, ते मला आता सांगता येत नाही." चौथ्या, क्विनाइनच्या थेंबाला त्यांनी तोंड वाकडे केले. चारही बरोबर. मग मी विचारले, "मग गेले काय, काका?" त्यावर ते जे बोलले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले : "साहेब, आमटीत मीठ बरोबर आहे ते कळतं. चिंच बरोबर, गूळ बरोबर. पण आमटी कुठंय?"

हा लेख त्या प्रश्नाविषयी आहे. एखाद्या माणसाला चव लागते की नाही, हे त्याच्या शब्दावर न विसंबता बाहेरून मोजता येईल का? मेंदूत थेट डोकावून पाहता येईल का? आणि पाहता आले, तर तो पुरावा किती भरवशाचा?

जिभेचे काम केवढे?

वाचकांनी आधी एक प्रयोग करून पाहावा. संत्र्याच्या वासाची लिमलेटची गोळी घ्या. डोळे मिटा, नाक घट्ट दाबा आणि गोळी तोंडात टाका. गोड लागेल, थोडी आंबट लागेल. कशाची गोळी आहे हे सांगता येणार नाही. आता नाक सोडा. क्षणार्धात संत्रे हजर होईल. गोळी तीच, जीभ तीच. फक्त घशाच्या मागच्या वाटेने गोळीचा वास नाकाच्या वरच्या टोकाला पोचू लागला.

आपण ज्याला जेवणाची चव म्हणतो तिचा फार मोठा भाग असा मागच्या दाराने येणारा वास असतो. एकट्या जिभेला मोजकेच रस कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवा 'उमामी', म्हणजे मांसाच्या रश्शात किंवा पिकलेल्या टोमॅटोत असतो तो भरीव रस. हा पाचवा रस टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 साली समुद्रशैवालाच्या कढणातून शोधला आणि तो ग्लुटामेटमुळे येतो हे दाखवले.

आयुर्वेदाने सहा रस सांगितले : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यात एक गंमत आहे. ग्रंथातला 'कटु' म्हणजे मिरीसारखा तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबासारखा कडू. मराठीत येईपर्यंत 'कटु'चे 'कडू' झाले आणि अर्थाने उडी मारली. आजच्या शरीरक्रियाशास्त्राच्या हिशेबात तिखट हा रसच नाही. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकाला चेतवते आणि ती खबर चेहऱ्याच्या स्पर्श-वेदनेच्या मज्जातंतूने जाते. म्हणून मिरची डोळ्यालाही झोंबते. साखर झोंबत नाही आणि डोळ्याला गोडही लागत नाही. हा ग्राहक 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्यांना 2021 सालचे नोबेल विभागून मिळाले. तुरटपणाही बराचसा स्पर्शच : सुपारीतली टॅनिने लाळेतल्या प्रथिनांना गोठवतात आणि तोंडाला खरखर येते.

जिभेचा तो प्रसिद्ध नकाशाही इथेच निकालात काढू. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. आम्ही शाळेत तो रंगवला आहे. हेनिग या जर्मन संशोधकाने 1901 साली जिभेच्या निरनिराळ्या भागांतल्या संवेदनशीलतेत किंचित फरक असल्याचे नोंदवले होते. पुढे 1942 साली एडविन बोरिंग यांच्या ग्रंथात त्या आकड्यांचा जो आलेख आला, त्यातून किंचित फरकाच्या जागी सीमारेषा वाचल्या गेल्या. प्रत्यक्षात स्वादकलिका जिथे आहेत तिथे सगळेच रस कळतात.

एकेका स्वादकलिकेत साधारण पन्नास ते शंभर पेशी असतात आणि त्या दर दहा-पंधरा दिवसांनी बदलत राहतात. तिथून निघालेली खबर तीन वाटांनी जाते. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या एका फाट्यातून, मागच्या भागाची नवव्या मज्जातंतूतून आणि घशाजवळची दहाव्यातून. पहिला फाटा तर मधल्या कानाच्या पोकळीतून, कानाच्या इवल्या हाडांच्या मधून जातो. म्हणूनच कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्ण सांगतात, की जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव येते. तीनही वाटा मेंदूच्या देठात एकत्र येतात, तिथून थॅलॅमसमध्ये आणि तिथून मेंदूच्या घडीत दडलेल्या 'इन्सुला' नावाच्या भागात पोचतात. वाइल्डर पेनफील्ड यांनी जाग्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना इन्सुलाला सौम्य विद्युतस्पर्श केला, तेव्हा काहींना तोंडात काही नसताना चव आली. हे त्यांनी 1955 साली प्रसिद्ध केले. पुढे डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात रस, वास, स्पर्श आणि 'आवडले-नावडले' यांची गाठ पडते. आमटीची आमटी तिथे होते.

रुग्णाच्या शब्दावर चालणाऱ्या चाचण्या

डोळ्यांसाठी अक्षरांचा तक्ता असतो, कानासाठी ऑडिओमीटर. चवीसाठी काय? सगळ्यांत जुने साधन विजेचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात योहान सुल्झर यांनी शिसे आणि चांदी यांचे तुकडे एकमेकांना टेकवून जिभेवर ठेवले, तेव्हा एरवी बेचव असणाऱ्या त्या धातूंना एक विशिष्ट चव आली. लहानपणी सेल संपला आहे की नाही हे जीभ लावून पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने हाच प्रयोग केलेला आहे. आजचे 'इलेक्ट्रोगस्टोमीटर' त्यावरच चालते. जिभेवर टेकवलेल्या बारीक टोकातून काही मायक्रोॲम्पिअरचा प्रवाह सोडायचा, हळूहळू वाढवायचा आणि चव कधी जाणवली ते रुग्णाने सांगायचे. डावी-उजवी बाजू ताडून पाहायला हे उत्तम. पण विजेची चव म्हणजे गोडाची किंवा कडूची चव नव्हे.

दुसरी चाचणी कागदी पट्ट्यांची. जर्मनीतल्या संशोधकांनी 2003 साली तिचा नमुना प्रसिद्ध केला. चार रस, प्रत्येकाच्या चार तीव्रता, एकूण सोळा पट्ट्या. पट्टी जिभेवर ठेवायची आणि रस ओळखायचा. सोळापैकी नऊपेक्षा कमी बरोबर आल्या, तर चव मंदावली असे मानतात. चाचणी स्वस्त, सोपी आणि चांगली आहे. दवाखान्यात मी आजही हीच वापरा असे सांगेन.

पण या दोन्हींत एक कमजोर दुवा आहे. शेवटी रुग्णाने तोंडाने सांगायचे असते. लहान मूल सांगू शकत नाही. पक्षाघाताने वाचा गेलेला सांगू शकत नाही. स्मृतिभ्रंश झालेली आजी मघाशी काय चाखले ते विसरते. आणि भरपाईसाठी भांडणारा माणूस खरे सांगत असला तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही. श्रवणाच्या बाबतीत हा प्रश्न सुटला आहे. नवजात बाळाच्या कानात आवाज सोडून डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांतून मेंदूच्या देठाचा प्रतिसाद टिपता येतो. बाळाने काही सांगावे लागत नाही. मग चवीसाठी असे का नाही?

मेंदूची कुजबुज

हान्स बेर्गर यांनी 1924 साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युतस्पंदने प्रथम नोंदवली आणि 1929 साली ती प्रसिद्ध केली. हाच आजचा ईईजी. पण ईईजी म्हणजे भरलेल्या नाट्यगृहाच्या बाहेर उभे राहून आतला गलका ऐकण्यासारखे आहे. एका थेंबाला मेंदूने दिलेला प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा आणि मागचा गलका त्याच्या कितीतरी पट.

यावर उपाय आहे सरासरीचा. तोच थेंब त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा द्यायचा आणि थेंब पडल्याच्या क्षणापासूनच्या नोंदी एकावर एक रचून सरासरी काढायची. गलक्याचा थेंबाशी संबंध नसतो. तो कधी वर, कधी खाली, म्हणून सरासरीत झिजत जातो. प्रतिसाद दर वेळी ठरावीक वेळी येतो, म्हणून तो टिकतो. नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाइतका गलका कमी होतो : छत्तीस नोंदी घेतल्या तर सहापट. उरलेल्या लाटेला 'उद्दीपित प्रतिसाद' म्हणतात.

कानासाठी छत्तीस काय, हजार टिचक्या मिनिटा-दोन मिनिटांत वाजवता येतात. जिभेचे तसे नाही. एका थेंबानंतर जीभ धुवावी लागते आणि अर्धा-एक मिनिट थांबावे लागते, नाहीतर ती सरावते आणि प्रतिसाद बसतो. एका रसाच्या छत्तीस नोंदींना वीस-पंचवीस मिनिटे तरी हवीत. चार रस करायला निघालात तर माणूस कंटाळून पेंगू लागतो आणि पेंगणाऱ्या मेंदूच्या लाटा वेगळ्याच.

तरी खरी अडचण वेळेची नाही, थेंबाची आहे. ती मला पुस्तकातून कळली नव्हती, हात पोळल्यावर कळली.

आमचा सलाईनच्या नळीचा प्रयोग

आचारी येऊन गेल्यावर मला हे करून बघावेसे वाटू लागले. महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी काढली. विभागात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठीचे ईईजी यंत्र होतेच. पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी उत्साहाने जीभ बाहेर काढून बसायला तयार झाले.

पहिल्या दिवशी आम्ही सिरिंजने मिठाचे पाणी जिभेवर सोडले. सरासरी काढली आणि पडद्यावर सुंदर लाट उमटली. चहा मागवला. चहा येईपर्यंत एका विद्यार्थिनीने मिठाच्या जागी साधे पाणी भरून पाहिले. तीच लाट, तेवढीच सुंदर. आम्ही टिपली होती ती चव नव्हती. जिभेवर पाणी पडल्याचा स्पर्श होता.

मग आम्ही सलाईनच्या दोन नळ्या घेतल्या. जिभेवर साधे पाणी अखंड वाहते ठेवायचे आणि मधेच झडप फिरवून त्याच वेगाने, त्याच तापमानाचे मिठाचे पाणी आणायचे, म्हणजे स्पर्श बदलणार नाही. तापमान सारखे ठेवणे महत्त्वाचे. 2000 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते, की जिभेचे टोक नुसते गरम केले तरी काहींना गोड लागते. पाणी कोमट करून घेतले. पुन्हा लाट आली. आणि पुन्हा तीच विद्यार्थिनी म्हणाली, "सर, दोन्ही नळ्यांत साधं पाणी घालून बघू या?" पुन्हा तीच लाट. या वेळी गुन्हेगार होता झडपेचा 'टक्' आवाज. मेंदू कानाने ऐकत होता आणि आम्ही जिभेचे समजत होतो.

झडप शेजारच्या खोलीत नेली, विद्यार्थ्यांच्या कानात खरखराट सोडला. आता नळी लांब झाली, त्यामुळे मीठ जिभेवर नेमके कोणत्या क्षणी पोचले हे कळेना. आणि क्षण चुकला की सरासरी फुकट. शिवाय पापणी लवली की लाट, गिळले की लाट. खुद्द जीभ ही एक विजेची कांडी आहे. टोक आणि मूळ यांच्यात विद्युतदाबाचा फरक असतो, म्हणून जीभ हलली तरी लाट.

ज्यांनी या क्षेत्रात आयुष्य घातले त्यांनी या सगळ्या खड्ड्यांतून वाट काढली आहे. जपानमध्ये फुनाकोशी आणि कावामुरा यांनी 1971 साली चवीचे उद्दीपित प्रतिसाद प्रसिद्ध केले. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गेर्ड कोबाल यांनी 1985 साली वेगळीच युक्ती केली : द्रवच नको. जिभेवर उबदार दमट हवेचा अखंड झोत ठेवायचा आणि त्यात मधेच आंबट वाफ मिसळायची. झोताचा दाब, ऊब, ओलावा काहीच बदलत नाही, बदलतो फक्त रस. अडचण एवढीच, की मीठ-साखरेची वाफ होत नाही. जपानच्या कोबायाकावा आणि सहकाऱ्यांनी 1996 साली नळीत पाणी आणि चवीचे द्रावण यांच्यामध्ये हवेचा बुडबुडा ठेवला. बुडबुडा पुढे सरकला की प्रकाशसंवेदक तो टिपतो आणि द्रावण जिभेला भिडल्याचा क्षण कळतो. त्यांनी ईईजीऐवजी मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण असते. त्यातून दिसले, की चवीची पहिली हालचाल इन्सुलाच्या परिसरात होते आणि मिठाची खबर सॅकरीनच्या खबरीच्या आधी पोचते.

एमआरआयच्या यंत्रातही चव पाहता येते. तिथे मेंदूच्या कामाला लागलेल्या भागाकडे वाढलेला रक्तपुरवठा दिसतो. जागा चांगली कळते, वेळ नाही, कारण रक्त चार-सहा सेकंद मागून येते. शिवाय उताण्या माणसाने गिळले की डोके हलते.

2015 साली पॉट्सडॅमजवळच्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. सरासरीच्या लाटेऐवजी डोक्यावरच्या सगळ्या इलेक्ट्रोडांचा एकत्रित आकृतिबंध संगणकाला शिकवला आणि एकेका नोंदीवरून विचारले : हा कोणता रस? खारट, गोड, आंबट, कडू यांतला रस संगणक निव्वळ अंदाजापेक्षा बऱ्यापैकी अधिक वेळा ओळखू लागला आणि तोही रस जिभेवर आल्यापासून सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत. विशेष म्हणजे चाखणाऱ्याने ज्या रसांची आपसात गल्लत केली, त्यांचीच गल्लत संगणकानेही केली. म्हणजे टिपलेला आकृतिबंध माणसाला येणाऱ्या अनुभवाच्या जवळचा होता.

लाट नाही, म्हणजे चव नाही?

आमच्या तोडक्यामोडक्या यंत्रावर शेवटी काही विद्यार्थ्यांत मिठाची लाट मिळाली, साध्या पाण्याची नाही. पण काहींच्या आलेखात काहीच दिसेना. ते तर रोज कँटीनच्या भाजीला नावे ठेवणारे, चवीने खाणारे तरुण! मेंदूची घडी ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळी वळते, इन्सुला खोल असतो, त्याची लाट डोक्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत एखाद्याची विरून जाते.

मला वाटते, या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. योग्य काळजी घेऊन लाट मिळाली, तर जिभेपासून मेंदूपर्यंतचा रस्ता उघडा आहे असे म्हणता येते. लाट मिळाली नाही, तर रस्ता बंद आहे असे लगेच म्हणता येत नाही. शिवाय लाट मिळाली म्हणजे माणसाला ती चव त्याच्या जुन्या अनुभवासारखी लागते, असेही सिद्ध होत नाही. म्हणून ज्या केंद्रांत ही मापने होतात तिथेही ती एकटी वापरत नाहीत. पट्ट्या, विजेची चाचणी, रुग्णाची कहाणी आणि मेंदूचा प्रतिसाद हे सगळे शेजारी ठेवून निष्कर्ष काढतात. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर त्याच माणसाची तुलना करायला, किंवा रुग्णांचा गट आणि निरोगी गट ताडून पाहायला ही पद्धत फार उपयोगी. एकट्या माणसाला 'खरा' किंवा 'खोटा' ठरवायला मात्र नव्हे.

आचाऱ्यांनाही आम्ही त्या खुर्चीत बसवले. त्यांची मिठाची लाट स्वच्छ आली, विद्यार्थ्यांपेक्षाही स्वच्छ. विमा कंपनीच्या वकिलांना दाखवली असती तर त्यांनी ती फ्रेम करून लावली असती. पण मला आता पुरते कळले होते, की आपण चुकीच्या दारावर पहारा देत होतो.

खरे दार

अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या केंद्राने 1991 साली वास आणि चवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या 750 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक लोकांची तक्रार 'चव गेली' अशी होती. तपासल्यावर संपूर्ण तोंडाची चव खरोखर मंदावलेले रुग्ण चार टक्क्यांहूनही कमी निघाले. बहुतेकांचा बिघाड वासात होता. कोविडच्या पहिल्या लाटेत आपल्या घराघरांत 'चव नाही, वास नाही' हे शब्द जोडीने का आले, त्याचे एक कारण हेच.

आमच्या आचाऱ्यांचे डोके मागून आपटले होते. नाकाच्या छपराला चाळणीसारखे एक हाड असते. त्याच्या भोकांतून वासाचे केसाहून बारीक तंतू वर मेंदूकडे जातात. डोके आपटून मेंदू आत हिंदकळला की हे तंतू चाळणीपाशीच तुटतात. कवटीला तडाही जायला नको.

मी त्यांच्या नाकाशी कॉफी धरली. काही नाही. लवंग, कापूर, वेलची, त्यांनी स्वतः भाजलेला गोडा मसाला. काही नाही. शेवटी अमोनियाची बाटली धरली. ते दचकून मागे झाले आणि डोळे पुसू लागले. "हे झोंबलं साहेब. पण वास कसला, ते नाही कळलं."

हे उत्तर माझ्या दृष्टीने सगळ्या आलेखांहून मोलाचे होते. अमोनिया वासाच्या तंतूंखेरीज झोंबण्याच्या मज्जातंतूलाही चेतवतो आणि तो मज्जातंतू त्यांचा शाबूत होता. वास गेल्याचे ढोंग करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसते. तो अमोनियालाही "काहीच येत नाही" म्हणतो आणि तिथेच पकडला जातो. पुढे मित्राने नाकाच्या वरच्या भागाचा एमआरआय काढला. वासाच्या कंदाजवळ जुन्या इजेची खूण होती.

साक्षीला गेलो तेव्हा वकिलांनी विचारले, "डॉक्टर, यांना चव कळते की नाही, एका शब्दात सांगा." मी म्हणालो, एका शब्दात सांगितले तर ते खोटे होईल. मग परवानगी घेऊन लिमलेटच्या गोळीचा प्रयोग शब्दांत सांगितला. जिभेचे चार रस शाबूत आहेत. घ्राणेंद्रिय निकामी आहे. घरात, पंगतीत, मराठी बोलण्यात आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा या माणसाला मिळत नाही आणि त्याचा धंदा त्याच वाट्यावर चालत होता. आमच्या यंत्रावरची लाट मी अहवालात घातली नाही. ती शिकण्यासाठी घेतलेली नोंद होती. एखाद्याच्या पोटापाण्याचा निवाडा तिच्यावर टांगावा इतकी ती पक्की नव्हती. निकाल लागण्याआधीच दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

मग मोजायचे कशासाठी?

एवढे सगळे करून उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग असा, की बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. चव खरोखर जिभेची गेली असेल तर कारणे निराळी : काही औषधे, कोरडे तोंड, शरीरात जस्ताची कमतरता, चेहऱ्याचा पक्षाघात, कानाची शस्त्रक्रिया. यांतली काही दुरुस्त होतात. कधी नुसते औषध बदलून. तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांची चव उपचारांतच ढासळते आणि बहुतेकांची काही महिन्यांत हळूहळू परतते. तंबाखू आणि गुटख्याने आपल्याकडे अशा रुग्णांची रांग मोठी आहे. जेवण माती लागते म्हणून ते खात नाहीत, वजन उतरते आणि घरचे म्हणतात, मनावर घेत नाही. ज्याला बोलता येत नाही अशा रुग्णाच्या मेंदूने आपल्या वतीने सांगावे, ही गरज तिथे खरी आहे. त्यासाठी यंत्र स्वस्त व्हायला हवे, वेळ कमी लागायला हवा आणि निरोगी माणसांच्या नोंदी भरपूर हव्यात. आपल्याकडच्या जिभांच्याही हव्यात.

वास गेलेल्यांसाठी वासाचा सराव असतो. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, दिवसातून दोनदा, काही सेकंद मन लावून हुंगायचे, निदान तीन महिने. आचाऱ्यांनी तो वर्षभर नेमाने केला. डोक्याला मार लागून गेलेला वास विषाणूने गेलेल्या वासाइतका परतत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. त्यांना लवंग अधूनमधून कळू लागली. कधी कधी लवंगेच्या जागी जळक्या रबरासारखे काहीतरी येते.

गेल्या वर्षी एका लग्नात ते भेटले. स्वयंपाक त्यांचाच होता. मोठ्या पातेल्यापाशी सुनेला उभे केले होते. फोडणी पडली, की ती नुसती मान हलवायची. मग हे उचलायचे मीठ, चिंच, गूळ, आणि पळीभर आमटी तळहातावर घेऊन चाखायचे. मला बघून म्हणाले, "मीठ माझं, वास हिचा." मी वाटीभर आमटी प्यालो. आमटी होती.